संसदेलाच शेवटी का कळावे?

२ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत संरक्षणमंत्री या नात्याने यशवंतराव चव्हाण यांनी एक निवेदन केले. आदल्या वर्षी नेफाच्या आघाडीवर आपल्या सैन्याचा जो पराभव झाला, त्याची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोघा अधिकाऱ्यांनी केली होती. त्या चौकशीचे सार यशवंतरावांनी सभागृहापुढे ठेवले. आपले सैनिक डोंगराळ मुलखातील युद्धासाठी तयार केलेले नव्हते, शत्रूची माहिती उशिरा मिळाली व मिळाली तीही अस्पष्ट होती, वरिष्ठांच्या हुकमतीत दोष होते, एवढे त्यांनी मान्य केले. नव्याने त्या खात्यात आलेल्या मंत्र्याने एवढे मान्य करावयास धैर्य लागले असणार. परंतु मूळ अहवाल मात्र त्यांनी सभागृहापुढे ठेवला नाही. तो उघड केला तर देशाच्या सुरक्षिततेस धोका पोहोचेल आणि जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, असे कारण त्यांनी दिले.

त्या दिवसाला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांनी अहवाल लिहिला ते गेले, ज्यांच्यावर तो लिहिला ते गेले, ज्यांनी तो दडविला तेही गेले. तरी अहवाल सरकारने अजून संसदेपुढे ठेवलेला नाही. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो अत्यंत संवेदनशील असून लष्करी दृष्ट्या आजही मोलाचा आहे, असे सांगितले. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला, तेव्हा विरोधी बाकांवरील अरुण जेटली यांनी इतका जुना दस्तऐवज गुप्त कशाला, असा रास्त प्रश्न विचारला. त्याच वर्षी जुलैत तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला सांगते झाले की, अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे होणार नाही! बाकड्याची जागा बदलली की राष्ट्रहिताची व्याख्या किती त्वरेने बदलते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. आज अशी अवस्था आहे की, जो मजकूर पेकिंगमधल्या एखाद्या कारकुनाला घरबसल्या वाचता येतो, तो भारताच्या लोकसभेच्या मेजावर मात्र येऊ शकत नाही.

यशवंतरावांचे नाव आम्ही येथे घेतले ते त्यांना दूषण देण्याकरिता नव्हे. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. कऱ्हाड ही त्यांची कर्मभूमी. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे उभा महाराष्ट्र म्हणाला, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. मोडलेले सैन्य त्यांनी पुन्हा उभे केले. परंतु आपल्या माणसाविषयीचा अभिमान हा आपल्या विवेकावर पडदा टाकणारा असू नये. १९६३ साली त्यांनी अहवालातील लष्करी तपशिलाचा भाग वगळून उरलेला संसदेला दिला असता तर पुढच्या प्रत्येक सरकारला तो पायंडा मोडणे कठीण गेले असते. तसे झाले नाही, आणि उलटाच पायंडा पडला. हे करता येण्याजोगे होते, याचा पुरावा पुढे मिळालाच. कारगिलच्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. त्यामुळे देश बुडाला नाही, जवानांचे मनोधैर्य खचले नाही. उलट सुरक्षाव्यवस्थेची जी काही फेरमांडणी नंतर झाली ती त्या अहवालावाचून झाली नसती.

हा सारा विषय दिल्लीतील विद्वानांचा आहे, जतसारख्या कोपऱ्यातल्या तालुक्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, तो जतचा विषय आहे तितका कदाचित दिल्लीचाही नाही. सातारा-सांगलीच्या मुलखात सैन्यात मुलगा धाडणे ही केवळ नोकरी नाही, ती रीत आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव कागदोपत्रीसुद्धा ‘मिलिटरी’ हे नाव लावते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान परत आले नाहीत. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली ती काही योगायोगाने नव्हे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेस लोटलेला समुदाय पाहून मुंबईच्या लोकांना आश्चर्य वाटले असेल, आम्हांला वाटले नाही. जतचा तालुका तर पावसाने टाकलेला. माडग्याळच्या मेंढ्या, थोडी बाजरी, थोडी ज्वारी, अलीकडे काही ठिकाणी डाळिंब-द्राक्षे, आणि म्हैसाळच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट. पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड आणि शाळेत मराठी. अशा गावांतली पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात ती भरतीच्या आशेने. त्यांचे सैन्यातले आयुष्य कोणत्या आघाडीवर, कोणत्या शस्त्रानिशी आणि कोणाच्या निर्णयाने जावयाचे, याची विचारणा त्यांच्या वतीने करणारी जागा एकच आहे. ती म्हणजे संसद. ती जागा गप्प बसली, किंवा तिला गप्प बसविण्यात आले, तर विचारणारे दुसरे कोणी नाही. वर्तमानपत्रे विचारतील, परंतु वर्तमानपत्राला उत्तर देण्यास कोणताही मंत्री बांधलेला नसतो.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह थोडा आवरून मागे पाहावयास हवे. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधल्याचे सरकारला ठाऊक होते. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्याविषयी निषेधाचा खलिताही धाडण्यात आला. संसदेला मात्र ते ऑगस्ट १९५९ मध्ये कळले. इतके महिने जे दडविले गेले त्याचा लाभ चीनखेरीज कोणालाही झाला नाही, कारण चीनला तर रस्ता आपण बांधला हे माहीतच होते! त्यानंतर मात्र पंडित नेहरूंनी एक गोष्ट केली, ती त्यांच्या पदरात टाकावयास हवी. चीनशी झालेला पत्रव्यवहार त्यांनी श्वेतपत्रिकांच्या रूपाने संसदेपुढे ठेवावयास प्रारंभ केला. सभागृहाने त्यांना धारेवर धरले, आणि त्यांनी धरू दिले. १९६१ च्या एप्रिलमध्ये संरक्षण खात्याच्या मागण्यांवर बोलताना आचार्य कृपलानी यांनी कृष्ण मेनन यांच्या कारभाराची जी चिरफाड केली ती दीड वर्षाने अक्षरशः खरी ठरली. पण त्या चिरफाडीचे पुढे काय झाले? १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत हेच दोघे समोरासमोर उभे राहिले आणि मुंबईच्या सुशिक्षित मतदारांनी मेनन यांना प्रचंड मतांनी निवडून दिले. वर्ष उलटण्यापूर्वी त्याच मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले. संसदेची देखरेख ही केवळ खासदारांवर सोपविण्याची गोष्ट नाही. ती ऐकणारा मतदारही लागतो, एवढे या हकिगतीवरून आमच्या सुशिक्षित वाचकवर्गाने ध्यानात घेतले तरी पुरे.

तरीही १९६२ चा एक प्रसंग असा आहे की त्याची आठवण आज वारंवार करून द्यावी लागते. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले. अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी राज्यसभेचे तरुण सदस्य होते. संसद ताबडतोब बोलवावी अशी मागणी त्यांनी केली आणि नेहरूंनी अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबरला बोलाविले. युद्ध संपलेले नव्हते, सीमेवर तोफा शांत झालेल्या नव्हत्या, किंबहुना सर्वांत मोठा आघात अजून यावयाचा होता. अशा वेळी सभागृह गुप्तपणे बसावे, अशी सूचना लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी केली, तीही नेहरूंनी स्वीकारली नाही. ज्या प्रश्नाची चिंता साऱ्या देशाला आहे त्याची चर्चा देशापासून लपवून करता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. आठवडाभर चर्चा चालली, दीडशेहून अधिक सदस्य बोलले, त्यांतील कित्येकांनी पंतप्रधानांच्या धोरणाचे वाभाडे काढले, आणि १४ नोव्हेंबरला सर्व सभागृहाने उभे राहून आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव एकमताने संमत केला. टीका व एकजूट या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्या एका आठवड्यात जितके स्पष्ट झाले तितके नंतर कधी झाले नसेल.

आणखी दोन दाखले देतो. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा संसदेचे अधिवेशन चालू होते. ६ सप्टेंबरला आपले सैन्य लाहोरच्या बाजूने सरहद्द ओलांडून गेले आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत येऊन तसे सांगितले. दोन वर्षांपूर्वी अहवाल दडविणारे व त्या दिवशी सभागृहाला विश्वासात घेणारे चव्हाण एकच, हेही नोंदविले पाहिजे. १९७१ साली ३१ मार्चला पूर्व बंगालच्या जनतेच्या लढ्याला पाठिंबा देणारा ठराव संसदेने केला. डिसेंबरात युद्ध सुरू झाले तेव्हाही सभागृह भरलेले होते. बांगलादेशाला मान्यता दिल्याची घोषणा ६ डिसेंबरला सभागृहात झाली आणि ढाक्यातील शरणागतीची वार्ता इंदिरा गांधींनी १६ डिसेंबरला लोकसभेतच दिली. स्वातंत्र्योत्तर काळातील आपला सर्वांत मोठा विजय संसदेचे दरवाजे उघडे असताना मिळालेला आहे. संसद बोलावली तर युद्धात व्यत्यय येतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन वर्षांचे उत्तर द्यावे.

यानंतरची हकिगत मात्र उतरणीची आहे, आणि ती एका पक्षाची नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार झाला आणि शांतिसेना या नावाने आपले सैन्य श्रीलंकेत उतरले. मुक्काम किती, शत्रू कोण, परत केव्हा यावयाचे, यांपैकी एकाही प्रश्नावर आधी संसदेचा कौल घेण्यात आला नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्या मोहिमेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते मुंबईत जन्मलेले. ज्या मोहिमेत इतके शौर्य खर्ची पडले तिचा हेतू काय होता आणि तो साधला का, याची नीट झडती देशाच्या प्रतिनिधिगृहाने कधी घेतली नाही. १९९९ साली कारगिल घडले तेव्हा लोकसभा विसर्जित झालेली होती, परंतु राज्यसभा तर कधीच विसर्जित होत नाही. ती बोलवावी अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. त्या वेळी पंतप्रधान होते अटलबिहारी वाजपेयी. ज्या वाजपेयींनी १९६२ मध्ये तोफा धडाडत असताना संसद भरविण्याचा हट्ट धरला होता ते हेच.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान मृत्युमुखी पडले. संसद भरली १४ सप्टेंबरला. महामारीचे कारण देऊन त्या अधिवेशनातील प्रश्नोत्तरांचा तासच रद्द करण्यात आला होता. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत निवेदन केले. त्यावर चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ चकमक झाली, तेव्हाही निवेदन झाले, चर्चा झाली नाही. निवेदन म्हणजे काय? शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहावे आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, तसला प्रकार. त्याला उजळणी म्हणता येईल, देखरेख म्हणता येणार नाही.

२०२५ चा अनुभव तर अगदी ताजा आहे. २२ एप्रिलला पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. ७ मे रोजी सैन्याने ‘ऑपरेशन सिंदूर’ आरंभिले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. सैन्याला पाठिंबा देण्याच्या बाबतीत विरोधी पक्षांनी त्या दिवसांत काही उणे ठेवले नाही. सर्वपक्षीय बैठकांना ते गेले, शिष्टमंडळांतून परदेशीही गेले. त्यांनी मागितले ते संसदेचे खास अधिवेशन. ते मिळाले नाही. मध्यंतरी ३१ मे रोजी सिंगापुरात एका परदेशी वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत संरक्षणदलांचे प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मोहिमेच्या आरंभी आपली काही विमाने पडली, हे मान्य केले. जनरलसाहेबांनी खरे सांगितले, याबद्दल आमची तक्रार नाही. चूक ओळखली, ती दुरुस्त केली आणि पुन्हा उड्डाण केले, असे त्यांचे म्हणणे होते; ते सैनिकाला शोभणारे आहे. आमची तक्रार एवढीच की, जी गोष्ट सिंगापुरात सांगण्याजोगी होती ती दिल्लीत सांगण्याजोगी का नव्हती? शत्रूने ऐकले तर चालते, साऱ्या जगाने ऐकले तर चालते, मग सातारा-सांगलीच्या मतदारांनी निवडून धाडलेल्या माणसानेच सर्वांत शेवटी का ऐकावे? लोकसभेत चर्चा सुरू झाली ती २८ जुलैस. मोहीम सुरू झाल्यास तोवर ऐंशीहून अधिक दिवस लोटले होते. चर्चा बरीच लांबली, भाषणे जोरकस झाली. परंतु प्रश्न जेव्हा थंडावतात तेव्हाची चर्चा ही बहुशः एकमेकांच्या पूर्वजांवरच होते. तशी ती झाली.

आता गुप्ततेच्या आक्षेपाकडे वळू. लष्करी हालचालींची माहिती चव्हाट्यावर आणता येत नाही, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. कोणती पलटण उद्या कोणत्या खिंडीत जाणार हे विचारणारा खासदार शहाणा म्हणावयाचा नाही, आणि त्याला उत्तर देणारा मंत्री तर मुळीच नाही. परंतु धोरण वेगळे आणि हालचाल वेगळी. सैन्य कोठे व किती काळ ठेवावयाचे, कोणत्या हेतूसाठी, त्याला हिवाळी कपडे व दारूगोळा पुरेसा आहे की नाही, झालेल्या हानीची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न धोरणाचे आहेत. आणि ज्या प्रश्नांची चर्चा उघड्यावर खरोखरच होऊ शकत नाही त्यांच्याकरिता लोकसभेच्या नियमांतच तरतूद आहे. नियम २४८ अन्वये सभागृहनेत्याने विनंती केली तर अध्यक्षांना गुप्त बैठकीसाठी दिवस मुक्रर करता येतो. प्रेक्षकांना बाहेर काढावे, पत्रकारांनाही काढावे. आम्ही आमच्या बातमीदारास आनंदाने बाहेर बसवू. परंतु आजवर एकाही सरकारने हा नियम वापरून पाहिलेला नाही. तेव्हा गुप्तता हे कारण नसून निमित्त आहे, असे कोणी म्हटले तर त्याचे काय चुकले?

लढाईच्या ऐन धामधुमीत सरकारला जाब विचारणे हे राष्ट्रद्रोहासारखे आहे, असे अलीकडे बोलले जाते. १९४० च्या मे महिन्याच्या ७ व ८ तारखांना हिटलरच्या फौजा नॉर्वेत असताना ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या पंतप्रधानाला उभे करून दोन दिवस झाडले. चेंबरलेन मतदानात हरले नाहीत. त्यांचे बहुमत ८१ वर आले एवढेच. पण तेवढे पुरे झाले. १० तारखेला चर्चिल पंतप्रधान झाले. त्या दोन दिवसांत पार्लमेंटने राष्ट्रैक्याच्या नावाखाली मौन पाळले असते तर युद्धाचे पुढे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

आपल्या घटनेत मात्र या बाबतीत एक मोठी मोकळी जागा राहून गेली आहे. सरसेनापतित्व राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल, असे ५३ वे कलम सांगते. आणीबाणी पुकारली तर ती एका महिन्याच्या आत संसदेकडून मंजूर करून घ्यावी लागते. पण सैन्य देशाबाहेर धाडण्यास संसदेची संमती हवी असे कोठेही लिहिलेले नाही, आणि तसा कायदाही पाऊणशे वर्षांत झालेला नाही. जतच्या संस्थानात डफळे सरकारांची राजवट होती तेव्हा घोडेस्वारांच्या चाकरीच्या बदली इंग्रज सरकारला दरसाल ठराविक रक्कम भरावी लागे. ते स्वार कोणाविरुद्ध लढले, ती रक्कम कोणत्या मोहिमेत गेली, हे रयतेला विचारण्याची तेव्हा कोणास गरज वाटली नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले. रयत नागरिक झाली. पण सैन्य परदेशी धाडण्याच्या बाबतीत तिच्या प्रतिनिधीचा अधिकार फारसा पुढे सरकलेला नाही.

इतर लोकशाही देश या प्रश्नाशी झगडत आले आहेत. अमेरिकेने व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ मध्ये युद्धाधिकारांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष त्यातून वारंवार पळवाटा काढतात, तरी ४८ तासांत काँग्रेसला कळविण्याचे बंधन राहिलेच. जर्मनीत घटना न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानंतर सैन्य परदेशी धाडण्यास तेथील संसदेची संमती आवश्यक ठरली आणि २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. ब्रिटनमध्ये कायदा नाही, केवळ प्रघात आहे. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधानांनी तो निमूटपणे मानला. यांपैकी कोणाची नक्कल करावी असे आमचे म्हणणे नाही. आपल्या दोन सीमा पेटत्या आहेत, जर्मनीच्या नाहीत. परंतु देशाबाहेर दीर्घकाळ सैन्य ठेवावयाचे असेल तर संसदेची संमती घ्यावी, आणि आकस्मिक कारवाई झाली तर ठराविक दिवसांत संसद भरविलीच पाहिजे, एवढा कायदा करण्यास अडचण कोणती? त्यात सरकारचाही लाभ आहे. इराकच्या युद्धाच्या वेळी एप्रिल २००३ मध्ये संसदेने एकमताने निंदेचा ठराव केला. काही महिन्यांनी अमेरिकेने आपली फौज इराकमध्ये मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारला नाही म्हणताना त्या ठरावाचा किती आधार झाला असेल! शांतिसेनेच्या वेळी असा आधार नव्हता.

पैशाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, जरी त्या थोड्या नाहीत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण खात्याची तरतूद ६,८१,२१० कोटी रुपयांची होती. एकंदर खर्चाच्या तेरा टक्क्यांहून अधिक. एवढ्या रकमेची छाननी कशी होते? १९९३ पासून संरक्षण खात्याची स्थायी समिती आहे. तिचे ३१ सदस्य असतात आणि पुष्कळदा ते मेहनतीने काम करतात. २०१८ च्या मार्चमध्ये भुवनचंद्र खंडुरी यांच्या समितीचा अहवाल आला. खुद्द उपसेनाप्रमुखांनी समितीला सांगितले होते की, सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातील आणि केवळ ८ टक्के अद्ययावत आहे. आदल्या वर्षी नियंत्रक व महालेखापालांनी दाखवून दिले होते की, दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. असा अहवाल पुढे असताना लोकसभेने काय करावयास हवे होते? तिने १४ मार्चला गिलोटीन लावून संरक्षणासकट सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर केल्या. पुढे सप्टेंबरात खंडुरी यांचे अध्यक्षपद गेले. मेजर जनरल म्हणून निवृत्त झालेला, सत्ताधारी पक्षाचाच हा गृहस्थ. त्यांच्या जाण्याची कारणे काय ती पक्षाला ठाऊक. खासदारांनी मात्र त्यातून जो बोध घ्यावयाचा तो घेतला.

यात सारा दोष सरकारचा नाही. सभागृहात गोंधळ घालून दिवसच्या दिवस वाया घालविणाऱ्या विरोधकांनी गिलोटीनची दोरी स्वतःच सरकारच्या हाती दिली. समितीचे अहवाल न वाचणारे, संरक्षणावर बोलावयास उभे राहून आपल्या मतदारसंघातील रेल्वे थांब्याविषयी बोलणारे सदस्य सर्वच बाकांवर आहेत. ज्या कोकणाने बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारखा अभ्यासू व निर्भीड सदस्य तीनदा लोकसभेत धाडला त्या महाराष्ट्राने हा ऱ्हास पाहून खंत करावी, की आपणच कोणाला निवडून देत आहोत ते पाहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अखेरीस अग्निपथ योजनेविषयी लिहावे लागते, कारण जतमधून पहाटे धावणाऱ्या मुलांचा प्रश्न तेथेच येऊन ठेपतो. १४ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी ती जाहीर झाली. शिपायाची सेवा चार वर्षांची. त्यानंतर चौघांतील फार तर एकाला कायम करावयाचे, तिघांनी घरी परतावयाचे. योजना चांगली की वाईट हा आज आमचा मुद्दा नाही. तरुण सैन्य हवे, निवृत्तिवेतनाचा बोजा आवरला पाहिजे, या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पलटणीची आपुलकी चार वर्षांत कशी जोपासली जाणार, या शंकेतही तथ्य आहे. मुद्दा हा की, सैन्यभरतीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मुळापासून बदलणारा हा निर्णय घेण्यापूर्वी संसदेत त्यावर एक दिवसही चर्चा झाली नाही. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२७ उजाडता उजाडता पुरी व्हावयाची. कोणाला ठेवले, कोणत्या कसोटीवर ठेवले, परतलेल्यांना निमलष्करी दलांत व राज्यांच्या पोलिसांत ज्या राखीव जागांची आश्वासने दिली गेली त्यांपैकी किती प्रत्यक्षात आल्या, पलटणींच्या युद्धसज्जतेवर काय परिणाम झाला, या सर्वांचा लेखी अहवाल सरकारने संसदेपुढे ठेवावा आणि त्यावर मतदानासह चर्चा व्हावी, अशी आमची मागणी आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या चार जिल्ह्यांच्या खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, या चर्चेची सूचना एकत्र सह्या करून लोकसभेच्या अध्यक्षांकडे द्यावी. त्या सूचनेवर कोणाच्या सह्या आहेत आणि कोणाच्या नाहीत, ते आम्ही याच पानावर छापू.